पुढच्या दाताचा रंग

२ फेब्रुवारी
आजचा दिवस मोठा. मालकांनी सगळ्यांसमोर सांगितलं की आपल्या रंगाच्या दुकानावर नवा बोर्ड लागणार आणि त्यावर माझा फोटो असणार. हसरा. खाली लिहिणार : 'आमची नजर, तुमच्या भिंती'. वीसेक वर्षं गिऱ्हाइकाच्या हातातला पोपडा नुसता बघून शेड सांगतोय, त्याचं चीज झालं. मार्चअखेर फोटोग्राफर येणार.

बेसिनवरच्या आरशात हसून पाहिलं. घात! समोरच्या दाताच्या कॅपचा रंग बदललाय. गोदामात शिडीवरून पडलो होतो तेव्हा तो दात तुटला होता, त्यावर पोर्सिलेनची कॅप बसवली होती. बसवली तेव्हा कुठला दात खरा नि कुठला खोटा, सख्ख्या भावाला ओळखू आलं नव्हतं. आता चारचौघांत उठून दिसतेय. पांढरीफटक.

निदान सोपं आहे. रंग उडाला. उन्हातल्या भिंतीचा उडतो तसा. माल हलका होता.

३ फेब्रुवारी
हिला सांगितलं. ही म्हणाली, कॅपला काही झालेलं नाही, ती होती तशीच आहे. बाकीचे दात पिवळे पडलेत. दिवसभर चहा ढोसल्यावर दुसरं काय होणार?

हिला रंगातलं काय कळतं! बेडरूमला कुठला रंग देऊ विचारलं तर 'छानसा' म्हणणारी बाई. वाद घातला नाही. चहा मागितला.

६ फेब्रुवारी
दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. तक्रारीच्या सुरात बोलायचं ठरवलं होतं, पण तोंडात त्यांचा आरसा असल्यामुळे जमलं नाही. त्यांनी शेडचे नमुने दाताला लावून पाहिले. हो, त्यांच्याकडेही शेडकार्ड असतं, नकली दातांचं! सतरा-अठरा शेड. आमच्याकडे नुसत्या पांढऱ्यात त्याहून जास्त आहेत.

बाई म्हणाल्या, कॅप बसवली त्याच शेडची आहे. पोर्सिलेनवर काचेसारखी चकाकी असते, चहाचा डाग त्यावर सहसा बसत नाही. बसलाच तर वरवरचा, पुसला जातो. खऱ्या दातांचं तसं नाही, ते डाग धरतात आणि वयानं पिवळेही पडतात. आधी दात साफ करून घ्या, चहा कमी करा, मग बघू.

म्हणजे हिचंच पालुपद, फक्त फी देऊन. त्यांच्या खोलीतली ट्यूबलाइट निळसर आहे. असल्या उजेडात शेड बघत नसतात, हे आमच्या धंद्यात नवखाही जाणतो. एवढंच म्हटलं, विचार करून कळवतो.

७ फेब्रुवारी
विचार केला. घरातल्या एका भिंतीचा रंग वेगळा निघाला तर बाकीच्या सगळ्या भिंती खरवडायच्या, की ती एक रंगवायची? उघड आहे. कॅपला दातांच्या शेडवर आणायचं. डाग पाडायला चहा समर्थ आहे असं डॉक्टरीणबाईच म्हणतात. तर चहा वाढवायचा.

संकल्प : कडक चहा. घोट लगेच गिळायचा नाही. पुढच्या दातापाशी धरून ठेवायचा.

१३ फेब्रुवारी
संकल्प काटेकोर चालू आहे. अडचण एकच. तोंडात घोट असताना गिऱ्हाइकं प्रश्न विचारतात. आज एका बाईंनी विचारलं, हा रंग धुता येतो का? मी मान डोलावली, पण त्यांनी पुन्हा विचारलं. उत्तर द्यायला गेलो आणि त्यांच्या हातातल्या शेडकार्डावर थोडा चहा पडला. पुसून दाखवला. म्हटलं, बघा, धुता येतो. माझं प्रसंगावधान मालकांनी पाहिलं असावं, कारण ते बराच वेळ माझ्याकडे बघत होते.

१९ फेब्रुवारी
दुकानात शेड ओळखायचं मशीन आलं. अंगठ्याएवढं. भिंतीला लावायचं, बटण दाबायचं, नाव येतं. चालवायला एक बाईही ठेवल्या आहेत. सगळे त्यांना मशीनवाली म्हणतात. हसतमुख आहेत. मालक म्हणाले, मशीन म्हणजे तुम्हाला मदत. मी म्हटलं, अवश्य. मला काळजी वाटत नाही. घड्याळं आली म्हणून कोंबडे आरवायचे थांबले नाहीत.

२० फेब्रुवारी
मशीनची परीक्षा घेतली. जेवणाच्या सुट्टीत मशीनवाली हात धुवायला गेल्या तेव्हा ते ओठात धरून कॅपला लावलं. उत्तर : 'मोती'. शेजारच्या दाताला लावलं. उत्तर : 'जुनी मोहरी', म्हणजे मळकट पिवळा.

मशीन बिघडलेलं आहे. माझ्या तोंडात मोहरी?

तेवढ्यात मशीनवाली परत आल्या. मशीन माझ्या तोंडात. म्हटलं, धूळ फुंकत होतो. स्पिरिटनं पुसून घेतलं त्यांनी. दोनदा.

१ मार्च
आढावा. चहा अव्वल, नेम अव्वल. पण कॅप जशीच्या तशी आणि शेजारचे दात आणखी गडद. दरी बुजायची सोडून रुंदावलीय. लेक कॉलेजातून आली, माझ्याकडे बघून म्हणाली, बाबा, तुम्ही एकच दात ब्रश केलाय, बाकीचे राहिलेत. ही इतकी हसली की पोळी करपली. हसतील त्यांचे दात दिसतील. दोघींचे चांगले आहेत, म्हणून चाललंय.

चूक कुठे झाली ते दुपारी लक्षात आलं. एका रंगाऱ्याला मीच ओरडत होतो : अरे, गुळगुळीत पृष्ठभागावर रंग धरेल कसा? आधी पॉलिशपेपर मार!

बोलता बोलता थांबलो. उत्तर माझ्याच तोंडात होतं.

२ मार्च
सगळ्यात बारीक पॉलिशपेपरचा तुकडा घरी आणला. बाथरूमची कडी लावून कॅप घासली. हलक्या हाताने, गोल गोल. पाण्याचा नळ चालू ठेवला होता, तरी ही बाहेरून विचारत होती की आत काय खरवडताय. मी म्हटलं, फरशी. ही गप्प झाली. तिला आनंद झाला असणार. फरशी घासा म्हणून कधीची मागे लागली होती.

चकाकी गेली. जिभेला खरखरीत लागतं. प्रायमर मारण्याजोगा पृष्ठभाग तयार झालाय.

१२ मार्च
धरला! रंग धरला! कॅपच्या खालच्या कडेला सुरेख पिवळट छटा आलीय. हिच्यासमोर जाऊन हसलो. ही म्हणाली, काय झालं, कुठं दुखतंय का?

२० मार्च
छटा जरा पुढे गेलीय. पिवळटवरून तपकिरी. तीही एकसारखी नाही. मध्ये पट्टा, बाजूला ठिपके, ओल धरलेल्या भिंतीसारखं. पहिल्या कोटात असं होतंच. दुसऱ्या कोटात जुळून येईल.

२३ मार्च
दुसऱ्या कोटात जुळलं नाही. चहा बंद केला. डाग मात्र जात नाहीये. पेस्ट लावून घासतो तर जास्तच धरतो. ही विचारते, तोंडावर हात ठेवून का बोलता? म्हटलं, खोकला येतोय. मग तिनं काढा केला. काढाही तपकिरी.

२९ मार्च
फोटोचा दिवस. नवा शर्ट घातला, इस्त्रीचा. फोटोग्राफर म्हणाला, काका, हसा. हसलो. तो कॅमेऱ्यातून डोकं काढून म्हणाला, दातात काहीतरी अडकलंय, काढून या. जाऊन चूळ भरून आलो. तो म्हणाला, अजून आहे. मालक पुढे आले, वाकून पाहिलं, मग हलक्या आवाजात म्हणाले, राहू दे रे, तोंड मिटून हसू देत.

तोंड मिटून हसलो तर म्हणे रागावल्यासारखा दिसतो. ओठ किंचित उघडून हसलो तर फोटोग्राफरच हसायला लागला.

मालकांनी मशीनवालीला बोलावलं. म्हणाले, तुम्ही जरा उभ्या राहता का? त्या आढेवेढे घेत होत्या. म्हणाल्या, हा फोटो यांचा आहे, मी कशाला? खरंच म्हणाल्या. मीच म्हटलं, राहा उभ्या. दुसरं काय म्हणणार? आपलेच दात, आपलेच ओठ.

मलाही घेतलं फोटोत. मशीन भिंतीला धरायला.

५ एप्रिल
बोर्ड लागला. मशीनवाली झकास हसतायत. शेजारी भिंत, भिंतीवर मशीन, मशीन धरलेला एक हात. हात माझा आहे. खाली लिहिलंय : 'आता नजरेचा अंदाज नको'. ओळ बदलल्याचं मला कोणी सांगितलं नव्हतं.

समोरच्या फूटपाथवरून बराच वेळ पाहिलं. प्रकाश हातावर नेमका पडलाय.

घरी येऊन सांगितलं, बोर्ड छान झालाय. हिनं ताटात वाढलं, समोर बसली. मग म्हणाली, दाखवा बघू तो दात. मी आढेवेढे घेतले. ती म्हणाली, अहो, दाखवा. दाखवला. मला वाटलं हसेल. हसली नाही. म्हणाली, उद्या मीपण येते डॉक्टरीणबाईंकडे.

६ एप्रिल
डॉक्टरीणबाईंनी कॅपला बोट लावलं आणि विचारलं, हे कशानं घासलंत? मी छताकडे बघितलं. ही म्हणाली, फरशीच्या कागदानं. बाथरूमच्या खिडकीत ठेवला होता यांनी. म्हणजे हिला ठाऊक होतं! महिनाभर ठाऊक होतं आणि बोलली नाही.

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, चकाकी गेली की पोर्सिलेनही डाग धरतं, ही कॅप आता बदलावी लागेल. मग बाकीच्या दातांची सफाई केली. खूप वेळ लागला. चूळ भरून आरशात पाहिलं. खालचे, वरचे, सगळे उजळ. मशीन काय म्हणालं असतं कोणास ठाऊक, मोती नाही तरी मोहरी नक्कीच नाही. मधोमध तेवढी कॅप, तपकिरी पट्ट्यांची.

बाईंनी नव्या कॅपसाठी शेडचे नमुने समोर धरले. म्हणाल्या, तुमचा तर धंदाच हा, तुम्हीच सांगा यातला कुठला? खिडकीपाशी उजेडात गेलो. एक उचलला, ठेवला. दुसरा उचलला. सगळे सारखे दिसायला लागले. डोळे चोळले, पुन्हा पाहिलं. बाई थांबल्या होत्या. मी सगळे नमुने हिच्या हातात दिले. म्हटलं, तू बघ.

हिनं माझी हनुवटी धरून उजेडाकडे वळवली आणि एक नमुना काढून दाताला लावला. बाई म्हणाल्या, अगदी बरोबर.

इतकी वर्षं माझ्यासोबत राहून नजर चांगली तयार झालीय हिची.