बाजूचा दरवाजा

दि. ६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

इकडे मी बरी आहे, म्हणजे जेवते, झोपते आणि उरलेला वेळ भांडते. माझा सिनेमा एकदाचा पुरा झाला. गोष्ट तुला ठाऊकच आहे: जन्मभर चिरीमिरी खाल्लेला फौजदार शेवटी कोर्टात उभा राहतो आणि साहेबांच्या आधी स्वतःचं नाव घेतो. हा शेवटचा प्रसंगच पोलिसांना खुपलाय. वरून निरोप फिरला आणि शहरातल्या एकेका थिएटरवाल्यानं शेपूट घातलं. एकाला पंखे दुरुस्त करायचे आठवले, दुसऱ्याची सासू आजारी पडली.

आता उरलं तुझं थिएटर. पण माझ्यापायी तुझा परवाना जावा असं मला वाटत नाही. कोर्टाचा प्रसंग कापला तर कुणाची हरकत नाही, असं मला गोड शब्दांत सांगण्यात आलंय. फौजदार गोळी लागून मरतो, असं दाखवून संपवता येईल. मेलेल्या फौजदारावर कुणाचा राग नसतो. तू म्हणशील तसं करते.

काका तुमच्याच चौकीत हवालदार आहेत, त्यांना मध्ये घालावं असं एकदा मनात आलं. पण सख्ख्या दिराला तू पेचात टाकू नयेस. त्यांना नमस्कार सांग.

लोभ आहेच, सिनेमा पडला तरी तो उभा राहू दे.

तुझी,
चिंगी


दि. ११ फेब्रुवारी

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. फोन केला नाही, कारण मी रागावले की तू फोन ठेवतेस. आता वाच मुकाट्यानं.

म्हणे गोळी लागून मरतो! मरायला काय अक्कल लागते? तुझा फौजदार जिवंत राहून बोलतो, म्हणून तर त्यांच्या पोटात दुखतंय. कात्री लावलीस तर याद राख. तेवढा वेळ मी नुसता पांढरा पडदा दाखवीन आणि लोकांना सांगेन की इथं माझी भाची घाबरली.

भाऊजी परवा येऊन गेले, चौकीतल्या साहेबांचा निरोप घेऊन. पाण्यात राहून माशाशी वैर करू नका, म्हणाले. चहा संपेपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही. माणूस वाईट नाही गं, पण चौकीत राहून राहून मान खाली घालायची सवय लागलीय. मी सांगितलं, सिनेमा लागणार, आणि शेवटची रांगही आता फुकट मिळणार नाही. तुला आठवत असेल, सासऱ्यांच्या काळापासून ती रांग चौकीची. तिकीट नाही, पुढचं फाटक नाही. बाजूच्या दरवाजानं बायकापोरांसकट आत यायचं, मध्यंतरात चहा-बिस्किटं मागवायची आणि बिल थिएटरच्या नावावर. कुंपणच शेत खातं म्हणतात ते हेच. परवान्याच्या धाकानं इतकी वर्षं मीही मूग गिळून बसले. आता नाही बसणार.

सिनेमा पाठव, अख्खा.

माझा लोभ चिंगीवर आहे, भित्र्या चिंगीवर नाही.

आत्या


दि. २ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

दारात तिकिटं फाडणाऱ्या बाईंचा फोन आला, नाहीतर मला कळलंच नसतं. थिएटरला सील ठोकलं, आणि तू मला हवापाण्याचं लिहितेस! चौकीच्या लोकांनी पाहणी केली आणि अहवालात लिहिलं की बाजूचा दरवाजा उघडत नाही, आग लागली तर माणसं कोंडून मरतील. खाली सही काकांची. साहेबांचं मी एक वेळ समजू शकते. पण ज्यांनी मला मांडीवर घेऊन सिनेमे दाखवले त्यांनी सही करावी? मला रडूच आलं.

मंगळवारची परवाना कार्यालयातली सुनावणी होऊ देऊ नकोस. मी प्रसंग कापते, तू सील काढून घे. सिनेमा मी दुसरा करीन, थिएटर तू दुसरं कुठून आणणार? रागाव हवं तेवढी, पण ऐक.

शिव्या दिल्यास तरी लोभ तेवढा राखून ठेव.

तुझी भित्री,
चिंगी


दि. १४ मार्च

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सुनावणीला जाताना माझ्या पिशवीत होतं. उत्तर दिलं नाही, कारण ते तुला माहीत होतं.

कार्यालयात साहेब मधल्या खुर्चीत पाय पसरून बसलेले. मी म्हटलं, दरवाजा एका बोटानं उघडतो, चला दाखवते. ते हसून म्हणाले, बाईंनी मागाहून तेल घातलं असेल, पाहणीच्या दिवशी उघडत नव्हता. झालं! पाहणीच्या वेळी मी पुढे तिकीट-खिडकीत, माझ्याजवळ पुरावा कुठला? मग परवाना अधिकाऱ्यांनी रीत म्हणून भाऊजींना विचारलं, सही तुमचीच ना.

भाऊजी उठले. चिंगे, मला वाटलं, गेलं आपलं थिएटर. ते काहीतरी पुटपुटले. अधिकारी म्हणाले, मोठ्यानं बोला. साहेबांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. आणि भाऊजी म्हणाले, सही माझी, मजकूर खोटा. दरवाजा उघडतो. इतकी वर्षं बायकामुलांना घेऊन मी त्याच दरवाजानं फुकट आत गेलोय. पाहणीच्या दिवशीही आम्ही सगळे, साहेबांसकट, सवयीनं त्याच दरवाजानं आत गेलो, आणि आत बसून लिहिलं की तो उघडत नाही.

खोलीत कुणाला हसू आवरेना, साहेबांना तेवढं आवरलं. मी मात्र चारचौघांत रुमाल तोंडाला लावून रडले. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की काय सांगू.

सील निघालं. भाऊजी निलंबित झाले, चौकशी लागलीय, पेन्शनचं काय होईल कोण जाणे. जाऊबाई माझ्याशी बोलत नाहीत, आणि त्यांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. साहेब जाता जाता बघून घेईन म्हणाले. मी म्हटलं, अवश्य, मी रोज खिडकीतच बसते.

शुक्रवारी सिनेमा लागला, अख्खा. हाउसफुल्ल. भाऊजी साध्या कपड्यांत एकटेच आले होते. सुटल्यावर मी विचारलं, कसा वाटला. म्हणाले, पोरीनं चांगला केलाय, पण तिचा फौजदार कोर्टात पहिल्याच दमात खणखणीत बोलतो. तसं होत नाही. पहिल्यांदा आवाजच फुटत नाही, आणि कुणाला ऐकू गेलेलं नसतं तोवर माणसाला अजून खाली बसता येतं. काय म्हणालात, असं विचारल्यावर परत सांगायचं, तेच खरं अवघड.

तेव्हा आता माझी परवानगी आहे, लाव कात्री. तो प्रसंग नव्यानं कर, आणि फौजदाराला दोनदा सांगायला लाव.

लोभ आहेच, भित्रीवरसुद्धा.

आत्या