ट्रंकेवरची गोधडी

आप्पा,

तुम्ही गेल्याला एकोणीस वर्षं झाली आणि माझी झोप गेल्याला दोन. कराडच्या डॉक्टरांनी सांगितलं, चहा कमी करा, मोबाईल लांब ठेवा. पाळकसाहेब म्हणाले, विश्वास वाढवा. ज्याचा प्रभूवर भरवसा आहे तो निवांत झोपतो. हे मला मान्य आहे. आपल्या मंडळीत प्रवचन सुरू झालं की निम्मी माणसं दर रविवारी या भरवशाची साक्ष देतात. तुम्ही तर तिसऱ्या बाकावर ताठ बसून, गीतांचं पुस्तक हातात उघडं धरून झोपायचात. आई कोपरानं ढोसायची. "जागा हाय मी," असं म्हणून तुम्ही पुढच्या गीताला बरोबर सुरात उठायचात.

मिशनच्या दवाखान्यात तुम्ही ड्रेसर. दिवसभर लोकांच्या जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या आणि वर त्यांच्या शिव्या खायच्या. घरी आलात की अंगाला आयोडीनचा वास. दिवेलागणीला प्रार्थना, आणि प्रार्थनेनंतर आपल्या घरचा तो कायदा, जो मी पुढं कुठल्याच ख्रिस्ती घरात पाहिला नाही. तुमची, आईची, अक्काची आणि माझी, अशा चार गोधड्या घडी घालून पत्र्याच्या ट्रंकेवर ठेवलेल्या. तुम्ही एकेकाला विचारताय, "आज कुणाला दुखावलंस?" ज्याचं मिटलं त्याला गोधडी. ज्याचं मिटलं नाही त्याची घडी तिथंच. स्वतःलाही तुम्ही सोडत नव्हतात. भाकरी करपली म्हणून एकदा आईवर खेकसलात, तर ऐन थंडीत नुसत्या सदऱ्यावर बसून राहिलात, ती हसेपर्यंत. ती मुद्दाम उशिरा हसली, हे तिनं मला नंतर सांगितलं.

मी नऊ वर्षांचा असेन. शेजारच्या मावशी लंगडत चालायच्या. मी अंगणात त्यांची नक्कल केली, पोरं लोळून हसली आणि मावशींनी ते खिडकीतून बघितलं. "जाऊन आलास का?" तुम्ही विचारलंत. "उद्या जातो की." "मग गोधडी बी उद्याच." गेलो. दारात हात जोडले, डोळ्यांत पाणी आणलं, मी महापापी आहे, देवसुद्धा मला क्षमा करणार नाही, वगैरे सगळं म्हटलं. मावशी विरघळल्या आणि शेंगदाण्याचा लाडू दिला. तो चघळत परत येतोय तर तुम्ही उंबऱ्यात उभे. शब्दन् शब्द ऐकलेला.

"लाडू मिळाला व्हय?"

"व्हय."

"इतकी नटवून माफी मागतंय त्याला काय बी दुखत नसतंय. परत जा. चुकलो म्हण आन् गप हुबा ऱ्हा. त्या काय म्हणतील ते ऐक."

दुसऱ्या खेपेला लाडू मिळाला नाही. मावशी एवढंच म्हणाल्या, "लय वाईट वाटलं रं मला." इतकं लहान आणि इतकं पोचलेलं प्रवचन मी पुन्हा ऐकलं नाही. घरी आलो, गोधडी मिळाली, आणि पडल्या पडल्या झोपलो.

पुढं मी नकलांवरच पोट भरायला लागलो, फक्त कागदावर. दोन वर्षांपूर्वी आपल्या मंडळीच्या नाताळ अंकात एक लेख लिहिला. दाजी गेल्यापासून अक्का उशाखाली पवित्र शास्त्राचं पुस्तक ठेवून झोपते, हे मला ठाऊक होतं. लिहिलं की काही विधवांना शास्त्र वाचण्यापेक्षा उशाला बरं पडतं. झोपेच्या गोळीपेक्षा जाड, आणि डॉक्टरची चिठ्ठीही लागत नाही. नाव घातलं नव्हतं, पण कराडपासून सांगलीपर्यंत ज्याला कळायचं त्याला कळलं. लोक हसले. मीही खूश. मग अक्काचा फोन आला. "वाचलं मी. ती उशी त्यांची हाय रं," एवढंच म्हणाली आणि ठेवला. त्यानंतर तिनं माझा फोन उचललेला नाही.

सात माफीपत्रं लिहिली, आप्पा. प्रत्येक आधीच्यापेक्षा सरस. एक तर इतकं साधलं की छापायला द्यावं असं वाटलं. तिथं मी थांबलो. लोक तुमच्या झोपेला विश्वासाची झोप म्हणायचे आणि मला वाटायचं, विश्वास म्हणजे रात्री पाण्याबरोबर घ्यायची काहीतरी गोळी असणार. तुमच्या विश्वासानं तुम्हाला आधी उठवलेलं असायचं, चपला घालायला लावून कुणाच्या तरी दारापर्यंत चालवलेलं असायचं, हे मी रोज बघत होतो आणि तरी विसरलो. मी अजून रविवारी चर्चला जातो, मागच्या बाकावर बसतो, प्रार्थनाही चांगली करतो. चांगली करतो, हीच तर अडचण आहे.

आज सकाळी ठरवलं. मलकापूरच्या फाट्यावरून एसटी धरायची आणि कडेगावला अक्काकडं जायचं. आईच्या लुगड्यांची माझी गोधडी अजून आहे, ती बरोबर न्यायची. अक्का त्या कायद्यातच वाढलीय, तिला काही समजावून सांगावं लागणार नाही. आपली ट्रंक तिच्याकडंच आहे, त्या ट्रंकेवर घडी ठेवायची, चुकलो म्हणायचं आणि गप उभं राहायचं. ती काय म्हणेल ते ऐकायचं. दार लावलं तर गोधडी ओट्यावर राहील आणि मी पुढच्या आठवड्यात पुन्हा जाईन, त्याच्या पुढच्याही. ती परत कधी द्यायची, ते तिनं ठरवायचं. नाताळ अंकात त्याच पानावर तिची माफीही मागणार आहे, एका ओळीत. ही ओळ मी नटवणार नाही.

हे पत्र तिच्या हातात द्यावं, असंही मनात आलं होतं. वाचून बघितलं, तर लाडवाच्या आशेनं लिहिल्यासारखं झालंय. म्हणून ते इथंच, टेबलाच्या खणात राहील.

आणि एक कबूल करतो. ठरवून झाल्यावर, गोधडी पिशवीत भरायच्या आधी जरा टेकलो, तर तीच अंगावर घेऊन दोन तास गाढ झोपलो. दोन वर्षांत पहिल्यांदा, आणि अजून माफी मागितलेलीसुद्धा नाही. तुम्ही असता तर ओढून काढली असती. दुपारची गाडी गेली. साडेचारची आहे. गोधडीची पुन्हा घडी घातलीय.