मुंबईची कोणी बाई

बाबा,

भाऊबीजेनंतरचा तिसरा दिवस, मंगळवार, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. वेळ नेमकी ठाऊक आहे, कारण त्या क्षणी तुमच्या तोंडाकडे पाहवेना म्हणून मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं होतं. दिवाळीनंतरची मंडईची जत्रा भरली होती. पाळणे, चिवड्याचे ढीग, सासरहून आलेल्या लेकी, सगळं दरवर्षीसारखंच. भोंगेवाल्याने वडाच्या फांदीला भोंगा बांधला होता आणि त्यातून माझं गाणं वाजत होतं. पाटलांनी तुम्हाला विचारलं, "बाबू, कोण गाऊन राह्यली जी हे?" मी तुमच्यापासून चार हातांवर उभी होते. तुम्ही टोपी सारखी केली आणि म्हणालात, "मुंबईची कोणी बाई आहे."

मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, शेवटची काही वर्षं मुख्याध्यापिका होते, आणि निवृत्त झाल्यापासून तक्रारअर्ज लिहिते. वीज, नळ, पोस्ट, बँक, कोणी सुटलेलं नाही. आधी दिवस आणि वेळ, मग घटना, शेवटी मागणी आणि मुदत, ही शिस्त नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरने लावली. माझ्या पत्राचं उत्तर आलं नाही असं सहसा होत नाही. लोक मला घाबरतात. तुमच्यावरची तक्रार तेवढी लिहायची राहिली होती. तुम्ही जाऊनही आता खूप वर्षं झाली.

हकिगत सुरुवातीपासून सांगते, म्हणजे तुम्हाला नंतर "असं झालंच नाई" म्हणायला जागा राहायची नाही. आपल्या जिल्ह्याला तेव्हा चांदा म्हणत. तुम्ही सिंदेवाहीच्या भाताच्या फार्मवर नोकरीला होता. कोणत्या बांधीत कोणतं वाण लावलं, किती दिवसांत लोंबी आली, हे सगळं एका लांब वहीत लिहायचं तुमचं काम. त्या वहीच्या उलट्या बाजूने तुम्ही गाणी लिहायचात. साहेबाने एकदा ती उलटी उघडली आणि विचारलं, हे कोणतं वाण. तुम्ही म्हणालात, "हे अजून लावून पाह्यलं नाई, साहेब."

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी होस्टेलातून घरी यायची. तुम्ही पेटी घेऊन स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर बसायचात, कारण घरात तेवढीच जागा गार. आई चुलीपुढे. तिला आत-बाहेर करायला तुमच्या पेटीवरून पाय टाकावा लागायचा आणि प्रत्येक वेळी ती काहीतरी बोलायची. "फार्मात धानाची नोकरी अन् घरी पेटीचा कारखाना. एक दिवस मी तुमची पेटी चुलीतच घालतो का नाई पाहा." तुम्ही भाता थांबवत नव्हता. गाणं होतं तळ्याच्या पाळीचं, तळ्याच्या बांधाचं. पलीकडच्या गावच्या माणसाची वाट पाहणारी बाई त्याला सांगते, पाळीवरच्या वाटेनं ये, पाणी चढायच्या आधी ये. चार कडवी होती. चौथ्यात पाणी चढतं.

मी ते बिनचूक म्हणायची. होस्टेलात रोज सकाळी प्रार्थनेला उभं राहून घडलेला आवाज तो, पट्टीने आखल्यासारखा. तुम्ही ऐकायचात आणि मान हलवायचात. "सरळ गातेस. मेणबत्तीसारखी. 'पाणी' म्हणताना थोडा वाकव आवाज." मी म्हणाले, मला वाकवता येत नाही, सिस्टरने तसं शिकवलेलं नाही. तेव्हा तुम्ही पहिल्यांदा आणि शेवटचं माझ्यावर ओरडलात. "रोवणेवाली बाई वाकते तवा रोप लागते. उभ्यानं रोवणा होते का? तुले सिस्टरनं सांगतलं तर तू बांधीत बी उभीच राहाशील." आईने चुलीपुढून मान न वळवता सांगितलं, "पोट्टीवर काऊन ओरडता? तुमचीच हाये ते. तुम्ही कोणापुढं वाकले?" तुम्ही पेटी बंद केली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच येऊन बसलात.

रेकॉर्ड कंपनीचा माणूस नागपूरला नवे आवाज ऐकायला आला होता. त्याला तुमचं गाणं आवडलं आणि माझा आवाज चालण्यासारखा वाटला. म्हणून पुढच्या मे महिन्यात आपण दोघं छोट्या रुळांवरच्या गाडीने नागभीडला, तिथून नागपूरला आणि पुढे मुंबईला गेलो. भिंतींना गोधड्या टांगलेली ती खोली, एकच मायक्रोफोन, आणि पंखा बंद. तबकडीच्या एका बाजूला सव्वातीन मिनिटांपेक्षा जास्त मावत नाही असं त्यांनी सांगितलं. दोन कडवी काढावी लागणार होती. मला वाटलं तुम्ही भांडाल. तुम्ही वही मांडीवर घेतलीत आणि दुसरं आणि तिसरं स्वतःच्या हाताने खोडलंत. "पाणी चढलं पाह्यजे," एवढंच म्हणालात. लाल दिवा लागल्यावर तुम्ही काचेपलीकडे माझ्यासमोर उभे राहिलात आणि जिथे आवाज वाकवायचा तिथे कमरेतून वाकून, चिमटीने रोप चिखलात दाबावं तसा हात करून दाखवू लागलात. तबलेवाला हसू दाबत होता. मी तिन्ही वेळा सरळच गायले. तिसऱ्यांदा झालेलं त्यांनी ठेवून घेतलं.

नंतर कागद भरताना तो माणूस म्हणाला, घरंदाज मुली बहुतेक टोपणनाव देतात, पुढे लग्नाबिग्नात अडचण नको. तुम्ही त्याच्याकडे असं पाहिलंत की त्याने दौत जवळ ओढली. "आवाज पोरीचा आहे. नाव पोरीचंच पाह्यजे. पुरं." लेबलावर माझं पुरं नाव आलं, खाली बारीक अक्षरात तुमचं. परतीच्या आधी तुम्ही मला बाजारातून एक भेट आणून दिलीत: ग्रामोफोनच्या सुयांची डबी. आपल्या घरी ग्रामोफोन नव्हता आणि पुढेही कधी आला नाही. तरी ती डबी मला तेव्हा दागिन्यासारखी वाटली. अजून माझ्या टेबलावर आहे.

आता सांगा, कंपनीच्या माणसासमोर ज्याने हे म्हटलं, त्यानेच सहा महिन्यांनी पाटलांसमोर ते म्हणावं?

गाणं काही फार चाललं नाही, हे खरं. नागपूरच्या एका हॉटेलात ते महिनाभर लावत होते असं ऐकलं. एका साप्ताहिकाने दोन ओळी छापल्या: शब्द ओले आहेत, आवाज मात्र इस्त्री केलेला. तुम्ही ते कात्रण वहीत चिकटवलंत आणि मला म्हणालात, "पाह्य, मी एकटाच नाई म्हणत." सिस्टरने ते होस्टेलच्या यंत्रावर ऐकलं आणि शब्दोच्चार स्पष्ट आहेत असा अभिप्राय दिला. घरी तबकडी देवाशेजारच्या कोनाड्यात उभी ठेवलेली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला तुम्ही ती पाकिटातून काढून दाखवायचात. वाजवून दाखवायची सोय नव्हती, म्हणून लोक तिला नमस्कार करून जात.

आणि मग दिवाळीच्या तोंडावर ती तबकडी धान साठवायच्या ढोलीत सापडली. त्या वर्षी हलका धान लवकर कापला होता, पाऊस मध्येच येऊन गेला होता, आणि पुरता न वाळलेला धान ढोलीत ओतला गेला होता. ओला धान आतून तापतो, हे फार्मवर येणाऱ्या शेतकऱ्यांना तर तुम्हीच सांगायचात. दोन हप्त्यांनी धान उकरताना तुमच्या हाताला ती लागली. बाहेर काढली तर कडेला उन्हातल्या पापडासारखी उचललेली. आईने कमरेवर हात ठेवले. "लोकांले धान वाळवाले शिकवता अन् घरी ओल्या धानात गाणं शिजवता. कोणी ठेवली हे इथी?" तुम्ही एकदा माझ्याकडे पाहिलंत. मी तांदूळ निवडत होते. "माझ्याच्यानं झालं," तुम्ही म्हणालात. त्यानंतर आई जिवंत असेपर्यंत नवा धान आला की तुम्हाला ते ऐकावं लागायचं. पाहुण्यांसमोर, शेजाऱ्यांसमोर. तुम्ही नुसते हसायचात.

ती वाकडी तबकडी मंडईत भोंगेवाल्याकडे तुम्हीच नेलीत. तुम्हाला ती एकदा तरी गावात वाजलेली ऐकायची होती. सुई चढावर चढायची, उतारावर उतरायची, आणि माझा तो आखलेला आवाज झोक्यावर बसल्यासारखा हेलकावे घेऊ लागला. 'पाणी' वर तर तो असा खाली वाकून वर आला की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि लोकांना तेच आवडलं, बाबा. चिवडा घेणाऱ्या बाया हात थांबवून ऐकत होत्या. "काय हलवते जी आवाज," कोणीतरी म्हणालं. पुन्हा लावायला सांगितलं, मग तिसऱ्यांदा. पाटलांनी विचारलं ते त्या तिसऱ्या वेळी, कौतुकाने. उभ्या आयुष्यात मला पहिल्यांदा आणि एकदाच वाहवा मिळत होती आणि तुम्ही ती उचलून मुंबईच्या कोणा बाईला देऊन टाकलीत.

मी तुमच्याशी आठ दिवस बोलले नाही, आणि त्यानंतर त्याविषयी कधीच नाही. पुन्हा गायलेही नाही. तुम्ही विचारलं नाहीत.

मागच्या आषाढात मी कामासाठी ब्रह्मपुरीला गेले होते. येताना रस्त्याकडेला बस बिघडली. सगळे उतरले. समोरच्या बांधीत रोवणा चालला होता, दहा-बारा बाया ओळीने वाकलेल्या, आणि गात होत्या. पाळीवरच्या वाटेनं ये. दोनच कडवी. 'पाणी' वर सगळ्यांचा आवाज एकदम खाली जाऊन वर आला, आणि त्याच वेळी सगळ्यांच्या चिमट्या चिखलात गेल्या. मी बांधीच्या कडेला धुऱ्यावर उभी राहून विचारलं, हे गाणं कोणाचं. एक म्हणाली, "कोणाचं म्हंजे? रोवण्याचं आहे बाई. आमच्या आजीपासून म्हणतात." मी म्हटलं, 'पाणी' वर आवाज असा का हलवता? तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या चपलांकडे पाहिलं. "तसंच हाये ते. सरळ म्हणाचं असन तर शाळेत जाऊन म्हणा." सगळ्या हसल्या. मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणाला उलट उत्तर दिलं नाही.

म्हणून हे पत्र. मात्र तक्रारअर्जात स्वतःच्या बाजूचं काही लपवायचं नसतं, हेही सिस्टरनेच शिकवलं होतं. तेव्हा लिहिते.

तबकडी ढोलीत मी ठेवली होती. दिवाळीआधी नागपूरचे पाहुणे मला पाहायला आले, त्या सकाळी. मुलाचा चष्मा मी आधीच फोटोत पाहिला होता आणि मला तो आवडला होता. कोनाड्यातलं माझं नाव त्या लोकांना दिसू नये म्हणून मी ती पाकिटासकट धानात खुपसली, संध्याकाळी काढू म्हणून. दुपारी गड्यांनी वरून आणखी पोती ओतली आणि मी गप्प राहिले. मुलाच्या आईने विचारलं, "मुलगी गाते का?" तुम्ही तोंड उघडलं होतं. मी म्हणाले, "नाही." तुम्ही रिकाम्या कोनाड्याकडे पाहिलंत आणि तोंड मिटलंत. मुलगी फार तोंडाळ दिसते असं सांगून त्यांनी नकार कळवला तो भाग वेगळा.

तेव्हा माझा प्रश्न एवढाच आहे. मंडईत तुम्ही जे बोललात ते तुमचं होतं, की माझंच "नाही" तुम्ही माझ्या वतीने निभावत होता? दुसरं असेल तर मी तुमच्यावर इतकी वर्षं फुकट रागावले, आणि आईचे टोमणेही तुम्ही माझेच खाल्लेत.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही. सुयांच्या डबीखाली ठेवते आहे. उत्तर लेखी हवं, वहीच्या उलट्या बाजूने लिहिलेलं चालेल. मुदत येत्या भाऊबीजेनंतरचा तिसरा दिवस, दुपारी चार वाजून दहा मिनिटं.

त्यानंतर आलं तरी घेईन. असं मी आजवर कोणत्याही कार्यालयाला लिहिलेलं नाही.