साडेसहा इंच

किहीम, रविवार, १४ एप्रिल १९५७. सकाळी ८.

आजपासून रोज लिहिणे. रोज पहाटे पाचला उठणे. (आज साडेसातला उठलो, पण आज रविवार.)

काल येसाजी येऊन गेला. सौ.चा भाऊ, चौलचा. त्याच्या काशीचं लग्न १२ मेला, मुलगा आवासचा. सौ.नं भावाला तिथल्या तिथे सांगून टाकलं की यंदा ती माहेरी मोटारीनं येणार. बावीस वर्षं ती बैलगाडीनं जाते आहे आणि बावीस वर्षं मी पुढच्या खेपेला मोटार म्हणतो आहे, हे तिनं सांगायची गरज नव्हती. पण आता मोटार दारात उभी आहे. सोराबशेठ बंगला बंद करून मुंबईला कायमचे गेले तेव्हा वाडीची देखरेख मी बघतो म्हणून ती मला देऊन गेले. दोन सीटची विलायती स्पोर्ट्स कार. अख्ख्या किहीममध्ये एकच.

येसाजीनं गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, भावोजी, गाडी उलाळलीय जनू, मागं भार जादा झालाय काय. बैलगाडीत मागे जास्त माल भरला की पुढची बाजू आभाळाकडे जाते, त्याला उलाळणं म्हणतात. स्पोर्ट्स कारला हा शब्द. सौ. तोंडाला पदर लावून हसली.

तो गेल्यावर मोजलं. पुढच्या आडव्या दांड्याच्या पोटापासून जमीन नऊ इंच. शेठनी दिलेल्या इंग्रजी पुस्तकात साडेसहा इंच लिहिलंय. म्हणजे नाक अडीच इंच वर आहे. सस्पेन्शनचा दोष. मुंबईत अठरा वर्षं एका मोठ्या वर्कशॉपात काढली आहेत (स्टोअर सेक्शन). चार दिवसांचं काम.

बुधवार, १७ एप्रिल

काम सुरू केलं नाही. घाईनं इंजिनियरिंग होत नसतं.

पुस्तक वाचलं. पहिली चार प्रकरणं प्राथमिक वाटली, ती सोडून थेट सस्पेन्शनवर आलो. भाषा सोपी आहे. एकच वाक्य खटकलं. शेवटचे बोल्ट आवळताना गाडी चाकांवर उभी हवी आणि तिच्यात नेहमीचा भार हवा, असं लिहिलंय. गाडी खाली उभी असेल तर माणूस खाली शिरणार कसा. छापखान्याची चूक दिसते. पेन्सिलीनं खोडून ठेवलं.

शनिवार, २० एप्रिल

श्रीगणेशा. गाडीचं नाक जॅकवर चढवलं, आधाराला एका बाजूला उखळ आणि दुसऱ्या बाजूला पाटा. सौ.नं विचारलं की चटणी कशावर वाटायची. शेजारी ठमाबाईकडे पाटा आहे असं मी शांतपणे सांगितलं.

कोंडाजी सुतार येऊन उभा राहिला. बैलगाड्या बनवतो. बराच वेळ नुसता बघत होता. मी त्याला सांगितलं की हे प्रिसिजनचं काम आहे. तो व्हय म्हणाला.

रविवार, २१ एप्रिल. दुपार.

डावी स्प्रिंग सुटली. अपेक्षेपेक्षा जास्त जोमात. गाडीवरच्या माडाच्या झापांच्या छपरातून आरपार जाऊन ठमाबाईच्या अळूच्या वाफ्यात पडली. ठमाबाईनं निरोप पाठवला की मी तुमचीच चटणी वाटत बसले होते, वीतभर इकडं पडली असती तर उद्यापासनं कुनी वाटली असती. बाईमाणसांना यंत्राचं भय जास्त.

उजवी स्प्रिंग उद्या. किंवा परवा.

मंगळवार, २३ एप्रिल

मूळ रोग सापडला. दोन्ही स्प्रिंगांच्या डोक्यावर एकेक लाकडी चकती. सागवानी, दीड इंच जाड. विलायती गाडीत लाकूड. मी खूप हसलो आणि कोणाला तरी दाखवावं म्हणून कोंडाजीला बोलावलं.

तो म्हणाला, भाऊ, त्या मीच बसवल्यात, शेठनी सांगितलं व्हतं. आपली वाट कशी हाय, दोन्हीकडनं चाकोऱ्या खोल आनि मधी वरंबा. नाक खाली आलं तर गाडीचं पोट घासंल.

त्याचा दोष नाही. जन्म बैलगाड्यांत गेला. मी त्याला समजावलं की पुस्तकात वरंब्याचा उल्लेख नाही, आणि गाडी रस्त्याच्या मापानं करायची नसते. तो व्हय म्हणून गेला. तो व्हय म्हणाला की आपण चार शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्याचं समाधान मिळतं.

चकत्या बंबात घातल्या. पाणी उत्तम तापलं.

शनिवार, २७ एप्रिल. संध्याकाळ.

चकत्यांशिवाय सगळं परत जोडलं. चाकं हवेत लोंबत असताना, खाली प्रशस्त जागा मिळते तेव्हाच, एकेक बोल्ट जीव खाऊन आवळला. गाडी खाली घेतली. मोजलं. साडेआठ इंच.

फूटपट्टी जुनी आहे.

रविवार, २८ एप्रिल

शाळेतून मास्तरांची फूटपट्टी आणली. साडेआठ.

मंगळवार, ३० एप्रिल

नवा विचार. दीडशे नारळ गोणपाटात भरून बोनेटवर ठेवले. नाक सात इंचांवर आलं. नारळ उतरवले. साडेआठ. परत ठेवले, सात. परत उतरवले, साडेआठ. गाडी हट्टी आहे, तिला सवय लागायला हवी, म्हणून नारळ तसेच ठेवले.

शुक्रवार, ३ मे

नारळ उतरवले. साडेआठ. बोनेटला दोन खळगे पडलेत, पण तिरकं उभं राहून बघितलं तरच दिसतात.

येसाजीचं पत्र आलं. मोटार आत यावी म्हणून मांडवाचं दार रुंद केलंय, त्यासाठी दोन पोफळी तोडल्या. मोटार वळणावर दिसली की वाजंत्री सुरू करायची असं वाजंत्र्यांना सांगून ठेवलंय. गावात सगळ्यांना माहीत आहे, मनूताईला (म्हणजे सौ.ला) सांगा.

सौ.नं पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग उठून आत गेली आणि पेटीतून हिरवं लुगडं काढून उन्हात टाकलं. तिला इतकं खुशीत मी फार दिवसांत बघितलं नव्हतं. मला एकदम भीती वाटली. खरीच वाटली. चहा घेतल्यावर कमी झाली.

सोमवार, ६ मे

कोंडाजी करवत मागायला आला. (त्याचीच होती.) गाडीकडे बघून म्हणाला, भाऊ, मोकळी गाडी कुनी आवळतं काय. आमी गाडी आधी भरतो, हलवून हलवून माल बसू देतो, मंग दोर आवळतो. मोकळेपनी आवळलेली गाडी आखडून ऱ्हाते.

मी ऐकून घेतलं आणि त्याला करवत दिली.

दुपारी जेवून पडलो असताना मला स्वतःला एक कल्पना सुचली. मी बोल्ट आवळले तेव्हा चाकं लोंबत होती. सांध्यातली रबरं त्याच जागी चिमटली गेली, आता ती नाकाला खाली येऊच देत नाहीत. सगळे बोल्ट सैल करायचे, गाडी चाकांवर उभी करायची, भार भरायचा, हलवायची, आणि मग आवळायचे. या गोष्टी शिकवून येत नाहीत.

मंगळवार, ७ मे

कल्पना अमलात. माडाच्या रोपासाठी खणलेला खड्डा होता, त्यावर गाडी ढकलली, मी खड्ड्यात. दोन माणसांचा भार हवा म्हणून कोंडाजीला एका सीटवर बसवलं आणि सौ.ला दुसऱ्यावर बोलावलं. ती म्हणाली, भार म्हणून मी नाही बसायची. मी बसेन ती चौलला जायला बसेन. तिच्या जागी नारळ ठेवले.

कोंडाजीनं गाडी हलवली. मी आवळले. खड्ड्यातून वर येऊन मोजलं.

साडेसहा.

उजवीकडे साडेसहा, डावीकडे साडेसहा. मास्तरांच्या फूटपट्टीनंसुद्धा. डोळ्यांत पाणी आलं. ग्रीस गेलं असावं.

गुरुवार, ९ मे

गाडी धुतली. पाण्यासारखी सपाट उभी आहे. वाडीत उभं राहून तीन वेळा लांबून बघितली.

संध्याकाळी कोंडाजी वाटेवर उकिडवा बसून बोटांनी वरंबा मोजत होता. म्हणाला, धा बोटं भरतोय. दोन गडी लावून उद्याच्या उद्या कुदळीनं काढू काय. मी नको म्हटलं. वाट खणून घेतली तर गाव म्हणणार, भाऊंची गाडी नीट झालीच नाही. शिवाय कोंडाजीची बोटं जाड आहेत, ते माप धरता येत नाही. आणि वेगात गेलं की वरंबा लागत नाही.

तो व्हय म्हणाला नाही. हे आज पहिल्यांदाच.

रविवार, १२ मे. पहाटे ५.

पाचला उठलो. संकल्प सिद्धीस गेला.

मुहूर्त संध्याकाळचा. सौ. तयार. हिरवं लुगडं, नथ, मांडीवर आहेराचा डबा. गाडीत बसायच्या आधी तिनं चाकाला हळदकुंकू लावलं. मला बरं वाटलं.

सकाळी ८.

गाडीखालून लिहितो आहे.

चाळीस पावलं उत्तम गेली. मी वेगही घेतला होता. मग खालून मोठं भांडं फुटल्यासारखा आवाज आला आणि गाडी थांबली. वरंब्यावर पोट टेकून बसली आहे, पुढची चाकं जवळजवळ अधांतरी. ऑइलचं भांडं फाटलं. ऑइल दोन्ही चाकोऱ्यांतून वाडीकडे परत वाहत गेलं.

मागून कोंडाजीची बैलगाडी आली. बैलांची शिंगं रंगवलेली, आत गादी घातलेली. बोलावलं कोणी, असं मी विचारलं. तो म्हणाला, कुनी न्हाय भाऊ, परवापास्नं तयार ठेवलीय. माझ्या गाडीला वळसा घालून त्यानं ती शेतातून पुढे काढली.

 सौ.नं विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर होतं. ती उतरली, डबा उचलला आणि बैलगाडीत जाऊन बसली. मी म्हटलं, तासाभरात मागून येतो. तिनं मान हलवली. कशी हलवली ते कळलं नाही.

दुपारी ४.

तासाभरात झालं नाही. आतापर्यंत चौलला बैलगाडी वळणावर आली असेल. वाजंत्री वाजली असेल की नाही, हाच विचार सारखा येतो.

सोमवार, १३ मे

ठमाबाईनं भाकरी पाठवली. सोबत चटणी.

संकल्प काही नाही.

मंगळवार, १४ मे. संध्याकाळ.

चारच्या सुमाराला काशीची वरात आवासला जाताना सौ.ला सोडायला इथे थांबली. वाटेत माझी गाडी, म्हणून बैलगाड्या मोठ्या रस्त्यावरच ठेवाव्या लागल्या. पन्नासेक माणसं चालत आत आली. नवरा-नवरीसुद्धा.

मी आधीच काही वाक्यं जुळवून ठेवली होती. कोणी विचारलं नाही. त्यांना सगळं माहीत होतं. लग्नात दोन दिवस दुसरा विषयच नव्हता असं दिसलं. सौ.नं सांगितलं असणार, आणि चांगलं रंगवून, कारण पोरंही स्प्रिंग कुठल्या छपरातून गेली ते बघत होती.

येसाजीनं गाडीभोवती फेरी मारली. म्हणाला, भावोजी, आता मातुर अगदी सरळ हाय. मला वाटतं थट्टेनं म्हणाला नसावा.

मग कोंडाजीनं दोन लांब वासे आणून खालून घातले. किनाऱ्यावर होडी उचलतात तसे पंधरा गडी या बाजूला आणि पंधरा त्या बाजूला वाकले. फेटे बांधलेले, कपाळावर अक्षता तशाच. तेवढ्यात सौ. थांबा म्हणाली.

तिनं लुगडं सावरलं, दार उघडलं आणि गाडीत बसली. तिच्या सीटवर नाही. माझ्या. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. गडी वाकलेलेच होते. कोंडाजीनं विचारलं, मनूबाई, घराकडं न्यायची ना. ती म्हणाली, आधी थोडी चौलच्या बाजूला न्या, मग घरी.

उचलली. वाजंत्र्यांना कोणी सांगितलं नव्हतं, पण ते वाजवायला लागले. मोठ्या रस्त्यापर्यंत नेली, वळवली, परत आणली. काशी हसून हसून बेजार. सौ. हसत नव्हती. ताठ बसून समोर बघत होती आणि वळणावर खरोखर स्टिअरिंग वळवत होती. ती फार छान दिसत होती. हे मी तिला बावीस वर्षांत सांगितलेलं नाही, आजही सांगायला जमलं नाही.

पुढची उंची अंदाजे तीन फूट असावी. दोन्हीकडे सारखी. फूटपट्टी खिशात होती, मोजली नाही.

मी मागून चालत होतो. येसाजीच्या बायकोनं रुखवताची टोपली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, भावोजी, मोकळेच हाय तर एवढी धरा.