आतोबांची मागची सीट

ती. आत्यास,

ग्रीस पुसून दोन्ही हातांनी नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे, जिना चढू देतो का, ताईच्या घरी तुला स्वयंपाकघरात हात लावू देतात का, हे सगळं सविस्तर विचारायचं होतं. पण आधी कबूल करून टाकतो, हे पत्र मी तीन महिने पुढे ढकलतोय. कागद आणला तर पेन नाही, पेन आणलं तर गॅरेजच्या उस्तादांनी त्याने पत्र्यावर खुणा करून ते संपवलं, आणि दोन्ही जुळून आलं त्या दिवशी समोरच्या भिंतीवरचं मांजर उडी मारतंय की नाही हे बघण्यात माझी अख्खी दुपार गेली. (नाही मारली. तू मला भिंगरी म्हणतेस ते उगाच नाही.) खरं कारण वेगळं आहे. तू मला गाडी भंगारात देऊन ये म्हणालीस. आतोबा गेले आणि त्यांची अंगठी हरवली, त्या प्रकरणानंतर चार वर्षांत तू मला सांगितलेलं हे पहिलंच काम. आत्या, मी गाडी भंगारात दिली नाही. मी ती कापली.

आता जरा टेकून बस आणि पुढचं वाच. मी भंगारवाल्याकडे गेलो होतो, देवाशपथ. पण त्याने आतोबांच्या त्या लांबलचक, सायीच्या रंगाच्या गाडीच्या बॉनेटवर अशी बुक्की मारली, की मला वाटलं आतोबांच्याच पाठीत बसली. तसाच मागे फिरलो. वाटेत उस्तादांचं गॅरेज. उस्ताद म्हणजे तीस वर्षं पत्रा ठोकून दोन्ही कानांनी ठार बहिरे झालेले गृहस्थ, त्यांच्याशी बोलायचं तर घसा साफ करूनच जावं लागतं. गाडीखाली शिरून ते बाहेर आले आणि म्हणाले, पुढचा भाग शंभर वर्षं जाईल, मागचा गंजलाय, कापून पिकअप कर. आणि इथल्या एका रोपवाटिकेवाल्या बाईंना रोपं पोचवायला वाहनासकट माणूस हवाच होता. मला जन्मात पहिल्यांदा एका जागी टिकावंसं वाटलं, त्याला मी तरी काय करणार?

आता कापायचं कुठून? हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा अवघड आहे. या गाडीला खाली वेगळा सांगाडा नाही, छत आणि बाजू मिळूनच तिचा कणा. छत कापलं की ती मधोमध वाकणार. म्हणून आधी खालून लोखंडी पट्ट्या वेल्ड केल्या. मग मी पुढच्या सीटच्या पाठीला लागून खडूची रेघ मारली. भर दुपार होती, बाहेर फळांची गाडी उभी होती, आणि मागच्या डाव्या दाराच्या काचेवर वाजलं. टक टक. दोनदा.

आता तुला वेगळं सांगायला नको. आतोबा गाडीत बोलत नसत. मागे डावीकडे बसायचे, उजवीकडे तू, आणि मी गाडी चालवायचो ती दोन वर्षं त्यांच्या अंगठीवरच चाललो. काचेवर एकदा टक म्हणजे निघ, दोनदा म्हणजे थांब. (मार्ग सांगायचं काम तुझ्याकडे होतं, आणि तू ते दोघांच्या वाटचं बोलून करायचीस.) मी उस्तादांकडे पाहिलं. त्यांच्या हातातून कटर खाली गेला होता. ज्या माणसाला कानाशी हातोडा पडलेला ऐकू येत नाही, तो मला विचारतो, "आत कोण बसलंय रे?"

कोणी नव्हतं. पण सीट पाहिली. आतल्या स्प्रिंगा अजून टणक आहेत, हाताने दाबली की लगेच वर येते. त्या दुपारी ती डावीकडून चार बोटं दबलेली होती, आणि वर येत नव्हती.

मी खडूची रेघ पुसली आणि वीतभर मागे मारली. टक. एकदाच.

तिथून पुढे ही गाडी मी केलेली नाही, मी फक्त विचारत गेलो. मागची गोल वळणाची काच फेकायची की पुढे आणून आमच्या सीटमागे बसवायची? टक. मागच्या हौद्याला तळ पत्र्याचा? टक टक. लाकडी फळ्यांचा? टक. डिकीचं झाकण उलटं टांगून साखळ्यांवर उघडणारा मागचा फाळका करू का? टक, आणि ही टक जरा खुशीची वाटली. रंगाच्या बाबतीत मात्र मी हट्ट केला. मला केशरी हवा होता, डबाही आणला होता. दोन टका अशा वाजल्या, की डब्याचं झाकण उडून उस्तादांच्या चपलेवर पडलं. गाडी सायीच्याच रंगाची आहे. उस्तादांची डावी चप्पल केशरी आहे.

सगळ्यात वाईट सीटचं झालं. मी ती उचलून मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप उघडलं तर सीट हौद्यात, जिथं होती तिथंच, पुढे तोंड करून, डावीकडून दबलेली. उस्ताद म्हणाले तू आणलीस, मी म्हणालो तुम्ही आणलीत, आणि आम्ही दोघेही घाईघाईने हो म्हणालो. मग बोल्ट मारून ती तिथेच पक्की केली. परिणामी या पिकअपमध्ये आता माणसं दोन मागे आणि दोन पुढे बसतात आणि माल म्हणशील तर कुंड्या सहा मावतात. रोपवाटिकेवाल्या बाईंनी येऊन पाहिलं आणि विचारलं, हे पिकअप आहे की उघड्यावरची बैठकीची खोली?

शेवटी राहिली हौद्याची बाजू. त्यासाठी मागच्या दारांचा पत्रा वापरायचा ठरलं. डावं दार आडवं टाकून उस्तादांनी आतला पत्रा सोडवला, आणि तळाशी, गंजाच्या भुश्यात, अंगठी.

आत्या, तीच. हिरव्या खड्याची, खड्याला कोपऱ्यात टवका. दवाखान्यात नेलं त्या दिवशी त्यांची बोटं किती बारीक झाली होती आठव. काच खाली जाते त्या फटीतून घसरून आत पडली असणार. त्या दिवशी गाडीत तू, ते आणि मी. नंतर तू मला कधी काही बोलली नाहीस. फक्त मी खोलीत आलो की कपाट लोटून घ्यायचीस. मग मी गावं बदलत राहिलो.

उस्ताद खूप हसले. म्हणाले, हे घे तुझं भूत, दारात सुटी अंगठी, हादरा बसला की वाजतेय. मीही हसलो. तीन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवलो. अंगठी फडक्यात गुंडाळून खिशात घातली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी रोपवाटिकेकडे काढली. पहिल्या चौकात टक टक. आता ती मागची गोल काच माझ्या डोक्यामागेच आहे, म्हणजे आवाज थेट मानेवर. एक हात स्टिअरिंगवर, दुसरा खिशावर. अंगठी खिशातच होती.

डावीकडे वळवली, टक टक. सरळ, टक टक. मागचे ट्रकवाले माझ्या खानदानाची चौकशी करायला लागले. मग मी ताईच्या घराच्या रस्त्याला गाडी लावली, आणि टक. त्यांना तुझ्याकडे यायचं आहे, आत्या. घर आवरताना तू सगळं नेलंस आणि ते गाडीत राहून गेले. अंधार पडता पडता मी तुमच्या कोपऱ्यापर्यंत आलो होतो. खालून तुझ्या खिडकीतला दिवा दिसला आणि परत फिरलो. सगळा रस्ता दोन दोन टका ऐकत.

घरात सगळ्यांना माझा नमस्कार, ताईला विशेष.

तुझा,
भिंगरी

ता.क. गाडीच्या नाकावरचं चकचकीत चिन्ह तुला आठवण म्हणून पाठवणार होतो. त्यालाही दोन टका आल्या.

ता.क. २. परत का फिरलो ते लिहायचं राहिलं. (राहिलं नाही, टाळलं.) अंगठी घेऊन दारात उभा राहिलो असतो तर तुला वाटलं असतं, चोरलेली परत करतोय. गाडीचं, टकटकीचं सोड, नाही विश्वास ठेवलास तरी चालेल. मला एक ओळ लिहून पाठव, "भिंगरी, तू घेतली नव्हतीस." तेवढी आली की मी आतोबांना आणून पोचवतो, आणि मग कुंड्या नेतो.

ता.क. ३. पाकिटाला डिंक लावत होतो तेवढ्यात गॅरेजसमोर टॅक्सी थांबली आणि त्यातून तू उतरलीस. पत्ता मी कुणालाच दिला नव्हता, उस्ताद फोन ठेवत नाहीत. मी अंगठी पुढे केली. तू ती पाहिलीही नाहीस, माझ्या खिशात परत सारलीस, गालावरून हात फिरवलास (ग्रीस लागलंय तुला) आणि म्हणालीस, "मला माहीत होतं रे. उगाच कपाट लोटत बसले." मग स्टुलावर पाय देऊन, गुडघा धरत, हौद्यात चढलीस आणि सीटवर उजवीकडे बसलीस.

मी आता स्टिअरिंगवर कागद टेकवून तुलाच लिहितोय, कारण मागे वळून बघायचा धीर नाही. आरशात दिसतेयस. तुझे दोन्ही हात मांडीवरच्या पिशवीवर आहेत. सीट दोन्ही बाजूंनी सारखी दबली आहे.

आत्ता, मानेमागच्या काचेवर, टक.

निघतो.