बटाटे सोलताना विचारलेलं

२ तारीख, सोमवार

झालं! धाकटीला फोनवर सांगून टाकलं – ये मला न्यायला. महिनाअखेरीस येते म्हणाली. आठ दिवसांची पाहुणी म्हणून नाही, आता कायमचीच तिच्याकडे. तिच्या खिडकीतून समुद्र दिसतो, ती एकटी असते, आणि मुख्य म्हणजे बोलते! माझ्या बहिणीचं तोंड झोपेतसुद्धा मिटत नाही.

यांना विचारलं नाही असं नाही. परवा बटाटे सोलता सोलता विचारलं. ओट्याकडे तोंड करून – असलं काही समोरासमोर विचारायचा धीर मला कुठला! म्हटलं, अहो, मी धाकटीकडे राहायला जाऊ का? कायमची? मागे टेबलाशी हे पेपर वाचत होते. पान उलटलं. बस! हो नाही की नाही नाही. उभ्या जन्माच्या संसाराला पान उलटल्याचा आवाज!

आणि हे काही परवाचंच नाही. दोन-तीन वर्षं हेच. मी ओट्याशी बोलत राहायचं, मागे शुकशुकाट. शेजारी आले की मात्र गप्पा कशा छान रंगतात.

असो. सूप बरं झालं. मिरी जरा जास्त पडली.

४ तारीख, बुधवार

ठमीला कळलं मी जाणार ते. नातच ती, फुगून बसली. मग म्हणाली, जायच्या आधी तुला सगळं दाखवते आजी, महिनाभर. ती विज्ञानाच्या संग्रहालयात कामाला आहे, शाळेच्या पोरांना समजावून सांगते. मी चौथी पास, म्हणजे तिच्या पोरांतलीच एक!

आजोबांना मी अजून काही सांगितलेलं नाही, तुझं तू बोल, म्हणाली. बोलले की! बोलून झालं.

आज अष्टपाद बघितला, ऑक्टोपस म्हणतात तो, काचेमागे. त्याला तीन काळजं असतात! आणि रक्त निळं! मी म्हटलं, ठमे, इथे एक सांभाळता सांभाळता जीव मेटाकुटीला येतो. ती इतकी हसली की तिच्या साहेबांनी वळून बघितलं.

घरी उकडलेली अंडी आणि पाव. यांना अष्टपादाचं सांगितलं. अगदी समोर बसून, हात नाचवून. तेव्हा ऐकलं हो सगळं! वर विचारतात कसे – तीनही काळजं बायकोलाच देतो का तो?

मधेच असं काही बोलतात आणि मी हसते. तोच तर घोळ आहे.

८ तारीख, रविवार

तिघं मिळून आगगाडीने तलावावर गेलो. स्टेशनात शेजारी दुसरी गाडी उभी होती. दोन्ही खिडक्या बंद, पलीकडे एक नवरा-बायको भांडत होते. हे खुदकन हसले. म्हणाले, ती म्हणतेय, छत्री तुझ्या आईकडेच विसरलास ना, आता जाऊन राहा तिथेच!

मी गार! काचेपलीकडचं कसं कळलं? तर म्हणे, अगं, गिरणीत जन्म गेला. मागांचा एवढा खडखडाट, तिथे बोलायचं म्हणजे ओठांवरच. आम्ही लोक या टोकाहून त्या टोकाला चावट गोष्टीसुद्धा सांगायचो, आवाज न काढता!

इतकी वर्षं माझ्याशी संसार करून ही कला लपवून ठेवली! मी येताना सगळ्या रस्त्यावर लोकांची तोंडं बघत होते. मला एक अक्षर कळलं नाही. एक माणूस तर नुसता च्युइंगम खात होता.

११ तारीख, बुधवार

मध कधी नासत नाही, म्हणते ठमी. बरणी उघडून वास घेतला. खरं असावं.

१३ तारीख, शुक्रवार

चहा देताना यांना म्हटलं, धाकटी न्यायला येतेय. मग पेटी काढली. कडी गंजलेली. संध्याकाळी बघते तर यांनी तेल घालून ठेवलेलं. मी मागितलं नव्हतं! म्हणाले, थोडी हवा बदलेल तुझी, बरं वाटेल. थोडी म्हणे! विचारलेलं कानाआड करायचं आणि वर साळसूदपणे हवा बदलायला पाठवायचं. एवढी घाई असेल तर मी तरी कशाला रेंगाळू?

दोन शालीच भरल्या आज. बाकीचं नंतर.

१६ तारीख, सोमवार

ताऱ्यांचा खेळ बघितला, गोल छताच्या खोलीत. आरामखुर्चीत आडवं व्हायचं आणि वर आभाळ. तारा दिसतो तो आत्ताचा नाहीच! उजेड तिथून निघाला तेव्हा आपले पणजोबाही नव्हते. मी ठमीला विचारलं, मग तो तारा आता आहे तरी का? कदाचित नसेलही, म्हणाली. कसं हे! पाठवणारा गेला तरी निरोप आपला चाललाच आहे.

मी बटाटे सोलताना विचारलेलं आता कुठवर पोचलं असेल?

हे शेजारच्या खुर्चीत घोरत होते. पुढच्या रांगेतली मुलं खुसुखुसू हसली. मी काही ढोसलं नाही. घोरू देत.

१९ तारीख, गुरुवार

आजचं नीट लिहायचं आहे. चहा टाकून, चष्मा पुसून बसले आहे.

संग्रहालयाच्या बागेत लोखंडाची दोन मोठी वाडगी आहेत. वाडगी कसली, माणूस उभा मावेल एवढी! एक बागेच्या या टोकाला, एक त्या टोकाला, काठावर उभी करून ठेवलेली, तोंडं समोरासमोर. ठमीने मला एकात तोंड घालून उभं केलं, यांना पलीकडच्या वाडग्यात. दोघांच्या पाठी एकमेकांकडे, मधे अख्खी बाग. म्हणाली, आजी, ओरडायचं नाही, नुसतं कुजबुज.

मला काय सुचणार! म्हटलं, काय बहिरोबा, बरे आहात ना?

आणि वाडग्यातून, अगदी कानाशी – बहिरोबा कोणाला म्हणतेस गं?

मी दचकून मागेच सरले! वळून बघितलं तर हे तिकडे, ठिपक्याएवढे, पाठमोरे. परत तोंड घातलं. म्हणाले, आला तुझा आवाज. अजून बोल.

आणि मला, मला! काही बोलायला सुचेना! म्हटलं, सकाळी दूध उतू गेलं.

मग?

हे "मग?" मी कधीपासून ऐकलं नव्हतं. म्हटलं, मग काय, शेगडी पुसली. मग? मग तुमचा चहा कोरा झाला. तरीच! अजून बोल.

मागे मुलांची रांग लागली. ठमी हाक मारत होती, आजोबा, या आता. हलेचनात! माझ्या बाजूला एक मुलगी वैतागून म्हणाली, या आजी रोज बोलत नाहीत का घरी?

ठमीने समजावलं – वाडगं सगळा इकडेतिकडे सांडणारा आवाज गोळा करतं आणि एकाच जागी आणून ओततं. म्हणजे साधा आवाज पुरत नाही, तो गोळा करून दिला की पोचतो.



२० तारीख, शुक्रवार

अंदाज बांधायचा नाही आजी, करून बघायचं – हे ठमीचं ब्रीद. केलं करून!

ओट्याकडे तोंड करून म्हटलं, अहो, पडद्याला आग लागली. मागे शांत. पेपर चालू.

मग वळले, समोर उभी राहिले आणि आवाजच काढला नाही. नुसते ओठ हलवले – चहा घेणार?

घेतो की, म्हणाले.

माझे आई! हा माणूस माझं तोंड वाचत होता! आणि मी मेली सगळं मनातलं बोलते ती भिंतीकडे बघून!

शेवटी शेजारी खुर्ची ओढली आणि विचारलं, ऐकू येत नाही ना हो? आधी म्हणाले, माझे कान ठणठणीत आहेत! मग पेपराची घडी घालत – तू हल्ली गप्पच असतेस असं वाटायचं. म्हटलं, कंटाळली असेल माझा.

मी गप्प! मी!!

२१ तारीख, शनिवार

म्हणजे बटाट्याच्या दिवशीचं यांनी ऐकलेलंच नाही. यांना वाटतंय मी आठ-पंधरा दिवसांत परत येईन. म्हणून तेल.

२४ तारीख, मंगळवार

कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. येईनात, ठमी म्हणाली, तिथे एक गंमतशीर पेटी आहे आजोबा, बघायला चला. लहान मुलासारखे फसले!

काचेच्या खोलीत बसवून कानाला टोप्या लावल्या. शिट्टी किंवा बाईंचा शब्द ऐकू आला की बटण दाबायचं. बाईंचे ओठ बघून आधीच दाबायला लागले! बाईंनी तोंडावर कागद धरला. म्हणाल्या, आजोबा, इथे कॉपी चालत नाही.

गिरणीनेच नेले कान, म्हणाल्या. पण यंत्राने बरंच येईल.

२७ तारीख, शुक्रवार

यंत्र बसलं. शेंगदाण्याएवढं! हे दिवसभर घरात फिरतायत आणि दचकतायत. फ्रीज गुरगुरतो? तुझी चप्पल एवढी वाजते? नळाखाली भांडं धरलं तर पळत आले, पाऊस आला की काय म्हणून. आणि मी सूप पिताना आवाज करते, हेही कळलं यांना. ही मात्र विज्ञानाची प्रगती मला पसंत नाही.

२९ तारीख, रविवार

धाकटी आली. आली ती बोलतच. तिच्या घरी माझ्यासाठी खोली रंगवून ठेवलीय, म्हणे. पेटी दारात आहे.

ठमी कानाशी म्हणाली, समोर बसून सरळ विचार ना आजोबांना. सोपं आहे का ते? आत्तापर्यंत पान उलटण्याला कानाची सबब होती. उद्या ऐकू येऊनही पान उलटलं तर?

बिचारीची खोली. निळी रंगवलीय.

३० तारीख, सोमवार

धाकटी आंघोळीला गेली तेवढ्यात सूपासाठी बटाटे घेतले सोलायला. ओट्याकडेच तोंड. हळूच म्हटलं – अहो, मी धाकटीकडे राहायला जाऊ का? कायमची?

मागे पान उलटत होतं, ते अर्ध्यात थांबलं.

नको, म्हणाले.

आणि मग – मिरी जरा कमी घाल.