गुरुजींना आधी कळायचं

गुरुजी, तुमच्यावरचा तो लेख मला कितीला पडला, हे मी पुष्कळ ठिकाणी सांगत आलो आहे: सांगलीहून पाटणपर्यंत एसटीचे तीन हेलपाटे, तुटलेली एक वहाण आणि घाटात लागलेली गाडी. लोक हसतात. त्या लेखाची खरी किंमत तुमची नोकरी होती, आणि ती तुम्ही मोजलीत. हे मी कुठं सांगत नाही.

तेव्हा मी हाती लागेल त्यावर लिहायचो. वीरगळ, जुनी घड्याळं, शिराळ्याचे नाग, रद्दीत सापडलेल्या पोथ्या. कुठल्या कचेरीचा पगार नव्हता, त्यामुळे कशाचाच कंटाळा परवडत नव्हता. शिक्षण सातवीपर्यंत, पण कान तिखट. गाडी घाटात असतानाच आवाजावरून सांगायचो की ड्रायव्हर कोण आहे, आणि सातारा-सांगलीत असा दुसरा कान नाही, असं बिनदिक्कत मिरवायचो. तो कान तुम्हीच घडवलेला. चौथीत मी मागं बसून कुजबुजलो, की फळ्याकडं तोंड असतानाही तुम्ही म्हणायचात, "लेका, तोंड मीट आणि कान उघड."

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात कानावर आलं, की सदुसष्टच्या मोठ्या भूकंपापासून गुरुजींना प्रत्येक हादरा आधी कळतो. मी आलो, तीन दिवस राहिलो. फळीवर तांब्यावर तांब्या रचलेला, जमीन हलली की वाजावा म्हणून. तसा तो तिकडं घराघरांत असायचा. दुसऱ्या दिवशी भर दुपारी आपण जेवतोय. तुमचा डावा तळवा जमिनीवर टेकलेला. घास तसाच ठेवून तुम्ही उठता, "अंगणात चल" म्हणता. मी हसतो. बाहेर कोंबड्या दाणे टिपतायत, वारा नाही, मला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. उंबरा ओलांडतो न ओलांडतो तोच खालून ट्रक गेल्यासारखा घुमारा आला आणि आत तांबे खणखणले. तुम्ही त्या आवाजाकडं वळूनही पाहिलं नाहीत. माझ्या अंगावर काटा आला, आणि त्या काट्यावरच मी लेख लिहिला, की गुरुजींच्या कानात धरणी बोलते.

लेख गाजला. तो वाचून वरचे एक साहेब कौतुकानं शाळेत आले. वर्गाच्या दारातून त्यांनी तुम्हाला हाक मारली, पुन्हा मारली. तुम्ही फळ्यावर लिहीतच राहिलात. भूकंपात भिंत अंगावर आली, त्या पहाटेपासून तुम्हाला ऐकू येत नव्हतं. पोरांना तुम्ही समोर उभं करून बोलायला लावायचात आणि सगळ्या गावानं ते झाकून ठेवलं होतं. महिन्याभरात तुम्हाला घरी बसवलं. त्यानंतर मला तुमचं पोस्टकार्ड आलं: "लेख चांगला. तांबे चार लिहिलेस, ते पाच आहेत."

तुम्ही गेल्यावर काकींना भेटायला आलो. त्या चुलीपुढं भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "त्यास्नी हाक कशी ऐकू यायची? मी हितनं भुईवर दोनदा मूठ आपटायची, तिकडनं ते दोनदा आपटायचे. झालं आमचं बोलणं." एकाएकी त्यांनी पिठाचा हात जमिनीला लावला.

"उठ, भाईर चल."

"काकी, तुम्हाला कसं कळलं?"

"ते आपटत्यात न्हवं." अगदी सहज, भाकरी तव्यावरून उतरवता उतरवता. "आरं, माणूस गेलं म्हून सवय जाती व्हय?"

मी तळवा टेकवला. माजघर रिकामं, तुमची घोंगडी गुंडाळून कोपऱ्यात उभी केलेली. त्या बाजूनं जमिनीतून दोन ठोके आले. कानाला काही नाही, फक्त हाताला. आम्ही अंगणात पोचलो आणि तांबे पडले.

हे मी छापलं नाही. छापलं असतं तर काकींच्या दारी बघ्यांची रीघ लागली असती, आणि त्यांना त्यांचं हे बोलणंही बंद करावं लागलं असतं. सांगलीच्या घरात मात्र तेव्हापासून मी फरशीवर हात टेकून बसत नाही. हे पत्रही तुमच्या पोस्टकार्डाबरोबर कात्रणांत ठेवून देतो.

साहेबांना दोन हाकांत जे कळलं, ते मला तीन दिवसांत कळलं नाही, गुरुजी. तुम्ही सारखे माझ्या ओठांकडं बघत होतात. मला वाटलं, माझं बोलणं तुम्हाला आवडतंय.